वाचकांचे प्रश्न : ऑफिसातच वेब-शो करायचाय, सामान काय घ्यावं?

ऑफिसातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत छोटा कार्यक्रम चित्रित करून इंटरनेटवर टाकणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येऊन जातं, तिथे पुन्हा सांगितलेलं नाही.

प्रश्न : आमची शेती-सल्ला देणारी छोटी संस्था आहे. १२ बाय १४ फुटांची एक खोली मोकळी आहे. दोघांनी टेबलाशी बसून दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा, थेट नाही, रेकॉर्ड करून टाकायचा. बजेट दीड लाख. दुकानदार म्हणतो, दोन चांगले कॅमेरे घ्या, बाकीचं नंतर बघू. घ्यावेत का? (नाशिक)

नको. दोन कॅमेऱ्यांत दीड लाख संपतील आणि आवाज राहील कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर, म्हणजे बोलणाऱ्यापासून आठ फुटांवर. माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो, खोलीत घुमणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. चित्र थोडं मऊ असलं तर कोणी तक्रार करत नाही. पण औषध लिटरला दोन मिली म्हणाले की दहा मिली, हेच कळलं नाही तर तुमच्या कार्यक्रमाचा उपयोग काय?

पैशांची वाटणी साधारण अशी करा : आवाज ४० हजार, लाईट २५, खोलीतलं घुमणं आवरायला ८ (कसं ते पुढच्या प्रश्नात), कॅमेरा आणि लेन्स मिळून ६५, उरलेले १२ ट्रायपॉड, कार्ड, केबल आणि स्टँडना. खरेदीही याच क्रमानं. पहिले चार भाग ऑफिसातल्या कोणाच्या तरी बऱ्या फोनवर चित्रित केले तरी चालतील, कॅमेरा मग घ्या. तोवर तुम्हाला काय कमी पडतंय ते कळलेलं असतं आणि दुकानदारापुढे नेमकं बोलता येतं.

आवाजासाठी दोन डायनॅमिक माईक (ज्यांना वेगळी वीज लागत नाही ते) घ्या. शुअर एसएम५८ गाण्याच्या कार्यक्रमांत असतो तोच, बोलण्यालाही उत्तम. दोन यूएसबी माईक एका लॅपटॉपला लावायचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक यूएसबी माईक स्वतःच्या घड्याळावर चालतो, विंडोज दोघांना सुखासुखी एकत्र धरत नाही आणि अर्ध्या तासात दोन आवाज पुढेमागे सरकतात. त्याऐवजी दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माईक-केबलची) तोंडं असलेला हातात मावणारा रेकॉर्डर घ्या, उदाहरणार्थ झूम कंपनीचा एच४एन प्रो किंवा एच५. तो कार्डावर स्वतः रेकॉर्ड करतो, त्यामुळे लॅपटॉप अडकला किंवा मध्येच अपडेट मागू लागला तरी भाग वाया जात नाही. आवाजाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, दोन माईक दोन वेगळ्या ट्रॅकवर. साधं बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ च्या जवळ राहील इतकी पातळी लावा. पातळी लावताना पाहुण्याला हसायला सांगा, कारण गप्पांत आवाज फाटतो तो हसतानाच.

माईक तोंडापासून चार ते सहा इंचांवर, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुंकर थेट जाळीवर आपटत नाही. दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि तोंड यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट हवं. तुमची माणसं चार फुटांवर बसली तर हे आपोआप साधतं. तोंडासमोरचा माईक नको असेल तर कॉलर माईक घ्या, पण मग कपड्यांकडे लक्ष द्या. कांजी केलेला सुती कुडता खरखरतो, पदर माईकवर घासतो, मंगळसूत्र दर वाक्याला टक्‌टक् करतं. कॉलर माईक हनुवटीखाली एक वीत, दागिन्यांपासून दूर, आणि वायरचा एक छोटा फास कपड्याच्या आत टेपनं चिकटवलेला, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माईकपर्यंत पोचत नाही.

रेकॉर्डरचा आवाज बारीक केबलनं कॅमेऱ्यातही द्या. तो जादा प्रत म्हणून आणि संकलनात दोन्ही जुळवायला उपयोगी पडतो. इथे हमखास चूक होते : रेकॉर्डरमधून बाहेर येणारा आवाज माईकच्या मानानं फार जोरकस असतो, कॅमेऱ्याचं माईकचं तोंड तो झेलू शकत नाही आणि आवाज फाटतो. रेकॉर्डरचा आउटपुट खाली आणा आणि कॅमेऱ्यातली माईकची पातळी अगदी तळाशी ठेवा.

लाईट ६० वॅटचे दोन एलईडी, सॉफ्टबॉक्ससह (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), ५६०० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगाचे. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ किंवा वर असावा, नाहीतर त्वचा हिरवट दिसते. एक लाईट बसलेल्यांच्या डाव्या-समोरून, डोळ्यांच्या वर दोन फूट. दुसरा उजव्या-समोरून, निम्म्या जोरात. चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन चमकला तर लाईट वर आणि बाजूला सरकवा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा इंच उचला, काच किंचित खाली झुकते आणि चमक जाते. छतावरच्या ट्यूब बंद. ऑफिसातल्या बहुतेक ट्यूब ६५०० केल्विनच्या निळसर असतात. त्या लाईटमध्ये मिसळल्या की एक गाल निळा, एक पिवळा. खिडकीचा पडदाही ओढा. पावसाळ्यात ढग आला-गेला की चित्राचा उजेड वरखाली होतो आणि संकलनात ते जुळवताना जीव जातो.

आता कॅमेरा. एकच घ्या, एपीएस-सी सेन्सरचा (फोनच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा), ४के चित्रित करणारा, आणि कार्यक्रम १०८०मध्ये, म्हणजे फुल एचडीमध्ये, काढा. ४केची रुंदी ३८४० बिंदू, १०८०ची १९२०, बरोबर निम्मी. म्हणजे एकाच चित्रातून दोघांची एकत्र चौकट, डाव्याची चौकट आणि उजव्याची चौकट, अशा तीन चौकटी स्पष्टता न गमावता कापता येतात. दुसऱ्या कॅमेऱ्याचं बरंचसं काम इथेच होतं. सोनी झेडव्ही-ई१० त्याच्या १६-५० मिलिमीटरच्या लेन्ससह यासाठी पुरेसा आहे. त्यावर ४के सेकंदाला २५ चौकटींवर ठेवा. ३० वर ठेवलं तर तो चित्राच्या कडा कापतो आणि दोघं मावत नाहीत. मेनूमध्ये एनटीएससी असेल तर पाल करा, तेव्हाच २५ दिसेल. ‘गरम झाल्यावर बंद’ची मर्यादा मेनूतून वरची निवडा आणि पडदा अंगापासून उघडून ठेवा, मागचा भाग हवेशीर राहतो.

अंतराचं गणित : लेन्स ३० मिलिमीटरवर ठेवून, आठ फुटांवरून, साधारण सव्वासहा फूट रुंदीची चौकट मिळते. दोघांना तेवढी लागते. तुमची खोली १४ फूट लांब आहे. बसलेल्यांच्या मागे ४ फूट मोकळे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. चेहऱ्यापासून कॅमेरा ८ फूट. कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहायला २ फूट. झाले १४. लेन्सचं छिद्र एफ/५.६ ठेवा. मागचं धूसर दिसावं म्हणून एफ/१.८ची (छिद्र जास्त उघडणारी) लेन्स घ्यायला सांगतील, पण एफ/१.८ला दोघांपैकी एक जण खुर्चीत मागे टेकला की धूसर झालाच.

शटर १/५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची जुळणी) हातानं बांधून टाका. १०० मेगाबिटच्या ४केला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणून ६४ जीबीची, व्ही३० लिहिलेली दोन कार्डं. शेवटी एक फुकटचं काम : ट्रायपॉडचे तीन पाय, खुर्च्यांचे पाय आणि लाईटचे स्टँड यांच्या जागा जमिनीवर रंगीत टेपनं आखून ठेवा. पुढच्या आठवड्यात मांडामांड पंधरा मिनिटांत होते आणि प्रत्येक भाग सारखा दिसतो.

प्रश्न : आमची मीटिंगची खोली काचेची आहे. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. फोमचे चौकोन भिंतीवर लावले, फरक फारसा पडला नाही. (हिंजवडी, पुणे)

तुम्ही लावलेला फोम बहुधा एक इंचाचा असेल. तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज, ‘स’ आणि ‘श’ची धार, शोषतो. पुरुषी आवाजाचा खालचा भाग १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तिच्यासमोर एक इंच फोम म्हणजे वाऱ्यापुढे मच्छरदाणी. परिणाम असा की धार गेली आणि घों-घों राहिली, म्हणून आवाज आता मंद आणि बोदा वाटत असेल. अंड्यांचे ट्रे याहूनही निरुपयोगी, शिवाय आगीला आमंत्रण.

जाडी आणि मागची पोकळी, दोन्ही हवेत. दोन इंच रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) लाकडी चौकटीत भरून, वर सुती कापड ताणून, भिंतीपासून दोन इंच सोडून लावलं तर तेच पटल आणखी खालच्या पट्टीतल्या आवाजापर्यंत काम करतं. ऑफिस भाड्याचं असेल आणि भिंतीला खिळा चालत नसेल तर कपड्यांच्या स्टँडवर जाड गोधड्या टाका आणि चौकटीबाहेर, बोलणाऱ्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला, काचेपासून चार इंचांवर उभ्या करा. गोधडीचं एकच पदर नको, दुमडून दोन. काचेवर पडदा लावायचा तर काचेच्या रुंदीच्या दुप्पट कापड, चुण्या पडतील असं. ताणून लावलेला पातळ पडदा दिसायला पडदा, आवाजाला काचच.

खाली सतरंजी हवीच. आणि टेबलाचा वरचा भाग विसरू नका : लॅमिनेटवरून आपटलेला आवाज माईकमध्ये थोडा उशिरा पोचतो आणि मूळ आवाजाशी मिसळून तो पोकळ करतो. टेबलावर जाडसर फेल्ट किंवा दुहेरी कापड पसरलं तर हा पोकळपणा बराच जातो.

हे सगळं खोलीतला आवाज आवरण्यासाठी. बाहेरच्या कॉरिडॉरमधलं बोलणं आत येतं ते वेगळं दुखणं, त्याला गोधडी चालत नाही. ते बहुतेक दरवाजाखालच्या फटीतून येतं. तिथे रबरी पट्टी लावा. एसी रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास चालवून खोली गार करा आणि सुरू होताना बंद. पंखाही. सगळे गप्प असताना खोलीची तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, संकलनात दोन तुकड्यांमधला सांधा झाकायला तीच कामी येते.

प्रश्न : फोनवर चित्रित केलं की भिंतीवर वरून खाली सरकणाऱ्या काळ्या पट्ट्या दिसतात. फोन खराब आहे का? (कोल्हापूर)

फोन ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चौकटीत सारखाच उजेड येतो. फोन स्वतःहून १/६० किंवा १/१२० निवडतो आणि हिशोब चुकतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप घ्या, त्यात शटर १/५० वर बांधता येतं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल दाखवण्याचं बटण आहे, ते चालू केलं की २५ चौकटींचा पर्याय येतो.

एवढं करूनही पट्ट्या राहिल्या तर त्या डिमरच्या आहेत. स्वस्त डिमर उजेड कमी करताना दिवा प्रत्यक्षात वेगानं चालू-बंद करतो, त्याची गती विजेच्या गतीशी जुळत नाही. असा दिवा पूर्ण जोरात चालवा आणि उजेड जास्त वाटला तर दिवा मागे न्या.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक ‘हूं’ असा आवाज येतो. माईकला हात लावला की तो कमी होतो. एका इलेक्ट्रिशियननं लॅपटॉपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितली. (नागपूर)

पिन अजिबात काढू नका. ती माणसाला शॉक लागू नये म्हणून आहे. आवाज जाईल, पण एक दिवस पाहुण्याचा हात धातूच्या माईकवर असताना दोष झाला तर जीव जाईल.

हात लावल्यावर कमी होणं ही खूण महत्त्वाची : तुमच्या यंत्रणेला धड अर्थिंग नाही, ते काम तुमचं शरीर करतंय. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. जास्त निघाला तर इमारतीचं अर्थिंग दुरुस्त करणं हेच औषध, माईक बदलून काही होणार नाही.

अर्थिंग ठीक निघालं आणि तरी ‘हूं’ राहिलं तर क्रमानं शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जर आणि दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या अर्थिंगमधल्या वळशाचा आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. एक प्लग या भिंतीत, दुसरा त्या भिंतीत असला की हा वळसा हमखास तयार होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर रेकॉर्डर आणि लॅपटॉपमधल्या बारीक केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. माईकची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात. आणि तीन पिनांची एक्सएलआर केबल वापरा, तिच्यात येतानाच बाहेरचा आवाज रद्द होण्याची सोय असते. अधूनमधून ‘टर-टर-टर’ आलं तर मात्र तो कोणाच्या तरी खिशातला मोबाईल.

वीज जाण्याचं म्हणाल तर दोन ६० वॅटचे लाईट, लॅपटॉप, कॅमेरा आणि रेकॉर्डर मिळून साधारण २५० वॅट. ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं धरतो. कार्यक्रम पूर्ण करायला नाही, पण रेकॉर्डिंग नीट थांबवून फाईल बंद करायला पुरेसा. इन्व्हर्टर स्क्वेअर-वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग करू नका, त्याची भुणभुण आवाजात उतरते. ओबीएस या संगणकावरच्या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करत असाल तर फाईल एमपी४ऐवजी एमकेव्हीमध्ये ठेवा. वीज गेली तर साधी एमपी४ अर्धवट राहून उघडतच नाही, एमकेव्ही वीज गेली त्या क्षणापर्यंत शाबूत असते. नंतर ओबीएसच्याच मेनूतून तिची एमपी४ करता येते.

प्रश्न : एटीईएम मिनी प्रोवर (कॅमेरे आलटून-पालटून दाखवणारा स्विचर) दोन कॅमेरे आणि बाहेरचा मिक्सर लावून थेट कार्यक्रम करतो. ओठ मागे आणि शब्द पुढे. कधी कधी उलट, सुरुवातीला जुळलेलं शेवटी बिघडतं. (छत्रपती संभाजीनगर)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं असं : कॅमेरा चित्रावर प्रक्रिया करून एचडीएमआयनं पाठवतो, स्विचर ते आणखी एकदा जुळवून घेतो, यात काही चौकटी जातात. मिक्सरचा आवाज मात्र तसाच्या तसा पोचतो. म्हणून शब्द आधी. कानाला उशिरा आलेला आवाज थोडा चालतो, दूरच्या माणसाचा आवाज नेहमी उशिराच येतो. आधी आलेला मात्र लगेच खटकतो. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा, हात भिडलेली चौकट आणि आवाजाचा सुळका यांत किती चौकटी आहेत मोजा. २५ चौकटींत एक म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन चौकटींचं अंतर असेल तर आवाजाला १२० मिलिसेकंदांचा उशीर द्या. एटीईएमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या पानावर चौकटींत देता येतो, ओबीएसमध्ये आवाजाच्या प्रगत गुणधर्मांत सिंक ऑफसेट म्हणून मिलिसेकंदांत. दोन कॅमेरे वेगळ्या कंपनीचे असतील तर दोघांची टाळी वेगळी मोजा.

हळूहळू बिघडण्याचं कारण बहुधा ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची सरमिसळ. साखळीतलं प्रत्येक यंत्र आणि संगणकाची आवाजाची सेटिंग ४८ वर आणा. एखादी बाजू फोननं चित्रित केलेली असेल तर फोन चौकटींची गती मध्येच बदलतो. संकलनाआधी ती फाईल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर गतीची करून घ्या.

थेट पाठवताना वाय-फाय नको, लॅनची केबल. ६ मेगाबिटचा प्रवाह पाठवायचा तर अपलोड किमान १२ मिळायला हवा, आणि तो ज्या वेळी कार्यक्रम होणार त्याच वेळी तपासलेला. रात्री अकराला मोजलेला वेग दुपारी तीनला नसतो. सेटिंगमध्ये कीफ्रेम (पूर्ण पाठवली जाणारी चौकट) दोन सेकंदांवर. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा चालू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ते आदल्या आठवड्यात उरका.

प्रश्न : पाहुण्याचं नाव खाली पट्टीत लिहिलं की वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. प्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्यापुढे वाचायला संहिता दाखवणारा पडदा) तर आमची जुनी संहिता पूर्ण अगम्य दिसते. (मराठी ग्रंथालय, इंदूर)

प्रॉम्प्टरचं सोपं आहे. संहिता श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असणार. त्यात अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट नसला की तेच दिसतात. परिवर्तकातून युनिकोड करून घ्या आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा. रफार आणि ‘ऱ्या’ परिवर्तनात हमखास बिघडतात.

पट्टीतल्या वेलांटीचं कारण वेगळं. ‘कि’ लिहिताना वेलांटी संगणकात ‘क’नंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी काढायची असते. ही मांडणी ज्या सॉफ्टवेअरला येत नाही ते आहे त्या क्रमानं काढतं. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्राधान्यक्रमांत जाऊन मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्व करा, मग नव्यानं टंका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असा पर्यायच नाही तिथे झगडत बसू नका : नावाची पट्टी इंकस्केप या चित्रकामाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनवा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि चित्र म्हणून वापरा. दर भागाला पाच मिनिटं जातात, पण चित्रातली वेलांटी कुठे पळत नाही. स्विचरमध्ये चढवायलाही हीच पीएनजी लागते.

फॉन्ट मोफत घ्यायचा तर मुक्ता पडद्यावर चांगला वाचता येतो, बारीक रेघा तुटत नाहीत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा. हिंदी वळणाचा ‘ल’ इंदुरात कोणाला खटकणार नाही, पण ग्रंथालयाच्या कार्यक्रमात तरी तो मराठी असावा असं आम्हाला वाटतं. पट्टीची उंची देवनागरीसाठी थोडी जास्त ठेवा. रोमन अक्षरांच्या मापानं बनवलेल्या तयार साच्यांत ‘ौ’चा माथा आणि ‘कृ’चं शेपूट कापलं जातं.

प्रॉम्प्टर वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरलेले दिसतात त्यावर उपाय दोन : एका ओळीत चार-पाच शब्दच ठेवा आणि कॅमेरा किमान सहा फुटांवर न्या.

प्रश्न : न्यू जर्सीतला पाहुणा झूमच्या व्हिडिओ-कॉलवर घेतो. त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. (ठाणे)

मिक्सरमधून त्याच्याकडे सगळ्यांचा एकत्र आवाज जातोय, त्यात त्याचा स्वतःचाही. त्याला जाणाऱ्या वाटेतून फक्त त्याचा आवाज वगळायचा, याला मिक्स-मायनस म्हणतात. मिक्सरवर ऑक्स सेंड (वेगळा मिसळलेला आवाज बाहेर देणारी वाट) असेल तर तिकडून झूमला आवाज द्या आणि झूमच्या चॅनेलवरचं ऑक्सचं बटण शून्यावर ठेवा. खोलीतल्यांनी पाहुण्याला स्पीकरवर नाही, हेडफोनवर ऐकायचं. शिवाय पाहुण्याला सांगा, बोलताना फोन समोर ठेवून स्वतःचा आवाज त्यावर रेकॉर्ड कर आणि फाईल नंतर पाठव; नेट अडखळलं तरी संकलनात त्याचा स्वच्छ आवाज बसवता येतो.

आणि वेळ : त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा घ्यावा का? आणि बिल न घेता स्वस्त मिळतो तो? (पनवेल)

वापरलेला घ्यायला हरकत नाही. दुकानातच पाऊण तास सलग रेकॉर्ड करून बघा. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात, तो दोष नसून कंपनीनं ठेवलेली मर्यादा आहे, पण अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला ती नेमकी नडते. एचडीएमआयची केबल लावून हलकेच हलवा. मायक्रो एचडीएमआयचं तोंड सर्वांत आधी ढिलं होतं. टीव्हीवर चित्र बघताना बॅटरीचं चिन्ह आणि फोकसचा चौकोन दिसत असेल आणि मेनूतूनही जात नसेल तर तो कॅमेरा स्विचरला लावण्याच्या कामाचा नाही.

बिनबिलाचा नवा कॅमेरा मात्र नको. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमची फर्म नोंदणीकृत असेल तर फर्मच्या जीएसटी क्रमांकासह घेतलेल्या बिलावर तो वजावट म्हणून मिळू शकतो, म्हणजे ‘स्वस्त’मधला बराचसा फरक तिथेच भरून निघतो. वॉरंटी कार्ड भारतातल्या कंपनीचं आहे ना ते बघा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किमती दुकानागणिक बदलतात, तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे काढू नका. केबल आणि कनेक्टर पुण्यात तपकीर गल्लीत सुटे मिळतात. प्रत्येक केबल दोन-दोन घ्या.